पाठाळाचा ठोका

"आज उशीर झाला का रे त्याला?" वरून आईचा आवाज आला.

नळवाला तळघरात मुख्य नळाला तळवा टेकवून बसला होता. तो मोजत होता. धप्‌-धप्‌, मग वीस आकड्यांचा विसावा, पुन्हा धप्‌-धप्‌, असं बत्तीस वर्षं त्याच्या तळव्याखाली चाललं होतं. आज वीस झाले, चाळीस झाले. दोनशेवर तो थांबला आणि नुसताच बसून राहिला. पाठाळ गेलं होतं.

त्या शहरातल्या गल्ल्या जमिनीवर नव्हत्या, पाठाळांच्या पाठीवर होत्या. पाठाळ म्हणजे टेकडीएवढं जनावर, पाठीला दगडासारखं कवच, चारी पाय तळ्यात रोवलेले. स्वभाव असा थंड, की वर्षातून एकदा पाऊल उचलायचं आणि उचललेलं खाली ठेवायला चार दिवस लावायचं. तेवढ्या चार दिवसांत पाठीवरच्या गल्लीतल्या अकरा घरांचे नळ सगळ्या सांध्यांतून गळायला लागायचे. ते सांधे आधी सैल करायचे आणि पाऊल पडलं की पुन्हा आवळायचे, हे नळवाल्याचं काम. मुख्य नळ पाठाळाच्या फासळ्यांना लागून खाली तळ्यात उतरला होता, त्यामुळे त्याच्या काळजाचा ठोका नळानळातून घराघरांत ऐकू यायचा. नवी सून आली की पहिले आठ दिवस तिला त्या आवाजाने झोप यायची नाही आणि नंतर माहेरी गेली की त्याच्यावाचून यायची नाही. शेजारचा शिंपी त्या ठोक्यावर मशीनचं पायडल मारायचा. प्रत्येक घरात खिडकीशी पाण्याने भरलेली एक वाटी ठेवायची रीत होती. ठोक्यासरशी पाणी थरथरलं की बायका म्हणायच्या, आजचा दिवस आपला.

ठोका थांबला, तर काय करायचं हेही ठरलेलं होतं. मेलेलं पाठाळ एक दिवस उभं राहतं आणि मग गुडघे टेकतं. म्हणून नळवाल्याने लगोलग गल्लीच्या तोंडाशी पांढरं फडकं बांधायचं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी खाली उतरायचं. फडकं तळघरात खुंटीला टांगलेलं होतं. त्याच्या बापाच्या वेळेपासून ते तिथेच होतं आणि त्याला कधी कोणाचा हात लागला नव्हता.

नळवाला उठला, फडक्यापर्यंत गेला आणि परत आला. वर आई मरणाच्या दारात होती. काल डॉक्टरांनी नाडी धरून, "फार तर उद्याचा दिवस," असं त्याला दारात येऊन सांगितलं होतं. आणि आईचा एकच हट्ट होता.

पाठाळांची जुनी गोष्ट त्या शहरात शेंबड्या पोरालाही पाठ असायची. पहिलं पाठाळ पाण्यातून वर आलं तेव्हा काठावर एक म्हातारी बसलेली होती. पाठाळ म्हणालं, कुठं जायचंय? म्हातारी म्हणाली, पलीकडे. पाठाळ म्हणालं, मग बस माझ्या पाठीवर, पण माझा ठोका ऐकत बस, म्हणजे मला कळेल की तू पडली नाहीस. तेव्हापासून जो ठोका ऐकत जीव सोडतो त्याला पाठाळ पाठीवर घेऊन पलीकडे पोचवतं. ज्याच्या कानावर ठोका नसतो, त्याला ती वाट पायी चालावी लागते आणि वाट फार लांबची आहे म्हणतात.

"तुझे बाबा ऐटीत बसून गेले," आई महिनाभर सांगत होती. "मी काय पायी जाऊ? गुडघ्यांचा पार भुगा झालाय माझ्या. इथून मोरीपर्यंत जाताना दोनदा भिंत धरावी लागते."

नळवाल्याने कोपऱ्यातली लाकडी मोगरी उचलली. तिला जुन्या कातड्याचे दोन वेढे दिले, नळाशी बसला आणि मारलं. धप्‌-धप्‌. आवाज हुबेहूब उतरला. बत्तीस वर्षं ज्याचं बोलणं ऐकलं, त्याची नक्कल करायला त्याला शिकावं लागलं नाही.

मग तो पायऱ्या चढून वर गेला. आई उशीला टेकून खिडकीकडे बघत होती.

"झाला ना चालू? म्हातारं झालंय तेही," तो म्हणाला. "पहाटे जरा डुलकी लागली असेल."

"असेल," आई म्हणाली. "माझ्याच वयाचं ते."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "अहो, हातांना चिंधी तरी गुंडाळा. सोलवटून निघतील."

दुपारपर्यंत ठोकायचं, दुपारी फडकं बांधायचं, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. दुपार झाली. आईचा श्वास चालू होता आणि आपल्याला त्याचं वाईट वाटतंय की काय, या विचाराने त्याला स्वतःचीच घृणा आली. उभ्या आयुष्यात त्याने एकदाही सांधा आवळल्याचं खोटं सांगितलं नव्हतं. आज अकरा घरांची माणसं त्याच्या भरवशावर मेलेल्या जनावराच्या पाठीवर जेवायला बसली होती. त्यांत तान्ही पोरं होती. त्याने मोगरी खाली ठेवली. वरून आई खोकली. त्याने मोगरी पुन्हा उचलली.

तेवढ्यात शिंपी तळघराच्या दारात येऊन उभा राहिला. नाकावर चष्मा, गळ्यात टेप. त्याने मोगरीकडे पाहिलं, नळवाल्याच्या चिंध्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "सांधा गळतोय वाटतं?"

"हो," नळवाला म्हणाला.

"मग ठोका. अशा कामात मध्ये थांबून चालत नाही." शिंपी वळला आणि दोन पायऱ्या चढून थबकला. "आईंना कसंय?"

"आजचा दिवस."

"हं," शिंपी म्हणाला आणि चप्पल हातात घेऊन गेला. चप्पल हातात कशाला, हे नळवाल्याला तेव्हा सुचलंच नाही.

उन्हं कलली तशी त्याचा उजवा हात बधिर झाला. मग डावा हात. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. शेवटी बायको खाली आली, त्याच्याजवळ बसली आणि तिने मोगरीवर हात ठेवला.

"आई बोलावतात. म्हणाल्या, तो दमला असेल, त्याला वर बोलाव."

मोगरी त्याच्या हातातून सुटली.

आईचा चेहरा पार उतरला होता, पण डोळ्यांत तीच जुनी मिश्कील चमक होती. "ये," ती म्हणाली. "किती घाई करतोस रे. पाठाळ वीस मोजायचं. तू बारालाच मारतोस. जन्माचा उतावळा तू, सातव्याच महिन्यात आलास."

"तुला कधी कळलं?"

तिने बोट नुसतं उचललं. खिडकीतल्या वाटीत पाणी काचेसारखं निश्चल होतं. आवाज नळातून येतो, पण पाणी हलतं ते पाठ हलते म्हणून. ज्याला सगळं जग कानाने कळायचं, त्या नळवाल्याने दिवसभरात एकदाही वाटीकडे पाहिलं नव्हतं.

"सकाळी तू डुलकीचं सांगायला आलास ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तू एवढा जीव तोडून मारत होतास," आई म्हणाली. "आणि खरं सांगू? ऐकायला बरं वाटत होतं." तिने मान दाराकडे वळवली. "आता पुरे. गल्लीत लेकरंबाळं आहेत. जा, फडकं बांध."

"आणि तू?"

"मी जाईन पायी. थांबत थांबत जाईन. तुझे बाबा काही पळून चालले नाहीत."

बावन्न वर्षांचा तो माणूस आईच्या पायांशी बसून लहान पोरासारखा रडला. आईचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून सुनेने तो उचलून तिथे ठेवला.

फडकं घेऊन तो दाराबाहेर आला आणि उंबऱ्यावरच उभा राहिला. गल्लीभर हातगाड्या ओळीने लागल्या होत्या. भांडी वाजू नयेत म्हणून रजयांत गुंडाळलेली, शिंप्याचं मशीन उशांमध्ये बांधलेलं, तान्ही पोरं पदराखाली. सगळे अनवाणी होते आणि प्रत्येकाच्या चपला हातात होत्या. प्रत्येक खिडकीत वाटी पालथी घातलेली होती. दिवसभरात अकरा घरं आवरली गेली होती आणि कोणाच्या तोंडून ब्र निघाला नव्हता.

"आमच्याही घरी वाट्या आहेत की हो," शिंपी हलकेच म्हणाला.

"मग थांबलात कशाला? निघायचं ना!"

"आईंचे कान शाबूत आहेत. गाड्यांची खडखड ऐकली असती तर त्यांना कळलं असतं. आम्हाला काय माहीत, त्यांनी सगळ्यांच्या आधीच वाटी पाहिलीय ते. आत्ता खिडकीतून बोलणं कानावर आलं, तेव्हा कळलं." शिंप्याने त्याच्या हातातलं फडकं घेतलं. "आणा, मी बांधतो. तुम्ही आईंना आणा. खाट घ्यायला चौघं येतो."

"खाट नको," नळवाला म्हणाला.

आत जाऊन तो आईच्या पलंगाला पाठ करून खाली बसला. "चल. पाठुंगळी."

"वेडा आहेस का? कंबर मोडेल तुझी."

"तुला पायी नाही जाऊ देणार मी."

सुनेने आईचे हात त्याच्या गळ्यात टाकले आणि आपल्या एका लुगड्याने दोघांना मिळून बांधलं. आई वाळलेल्या पाचोळ्याएवढी उरली होती. तिचा गाल त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये टेकला होता आणि तो उभा राहिला तेव्हा दिवसभराच्या श्रमाने त्याचं काळीज धडधडत होतं.

"हळू जा," आई म्हणाली. गल्ली अर्धी संपली तेव्हा पुन्हा पाठीत तिचा आवाज आला. "ऐकू येतोय रे."

बोललो तर श्वास लागेल आणि ठोका बिघडेल, अशी त्याला भीती वाटली. गाड्यांच्या उतरणीला लागून खाली उतरायला चौतीस पायऱ्या होत्या आणि एकेका पायरीवर तो वीस मोजून पुढचं पाऊल टाकत होता. मागे अख्खी गल्ली अनवाणी उभी होती. कोणी घाई केली नाही. सूर्य तळ्यावर टेकला होता.

एकोणिसाव्या पायरीवर पाठीवरचा तिचा श्वास थांबला. त्याने वीस मोजले, आणखी वीस मोजले आणि पुढचं पाऊल टाकलं.

"जड होत असतील तर मी घेतो थोडा वेळ," मागून शिंपी म्हणाला.

"नको," नळवाला म्हणाला. "पोचवतो मी."

उरलेल्या पायऱ्या तो तसाच, वीस मोजत मोजत उतरला.