दारावरून उतरलेला दोर

मी एक जुना निळा दोर आहे. निळा म्हणायला आता थोडे धाडस लागते, कारण उन्हाने रंग उडवला आणि मधल्या भागातले धागे पिंजून बाहेर आले. पण मित्रांनो, मला पाहून चुकचुकायचे असेल तर कृपा करून दुसऱ्या दोराकडे जा. मला कीव नको. माझे म्हणणे तेवढे ऐकून घ्या.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. गरगर फिरलो, अंगात पीळ बसला, रिळावर गेलो. मला जगाची ओळख झाली ती वणीच्या बाजारात. दुकानदाराने मला तराजूत टाकले आणि मला कळले, की इथे लांबी कोणी विचारत नाही, वजन विचारतात. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या पुंजाने मला घेतले, खांद्यावर टाकले आणि डोंगर चढून घरी आणले.

मला वाटले होते, म्हैस बांधतील, लाकडाच्या मोळ्या बांधतील, गेला बाजार विहिरीत तरी सोडतील. मला काम मिळाले ते दार बांधण्याचे.

पुंजाचे घर कुडाचे. दार बांबूच्या ताटीचे, त्याला कुलूप कुठून असणार? घरात पुंजा, त्याची बायको बायडाबाई आणि लहानगी सायली. उतारावर भाताची दोन-तीन खाचरे. दिवाळी झाली, भात झोडून कणगीत पडला, की बायडाबाई कणगीत हात घालून अंदाज घ्यायची. हात लवकर तळाला लागायचा. मग द्राक्षबागांच्या मुकादमाचा टेम्पो पाड्याखाली येऊन भोंगा वाजवायचा आणि सगळे घर दिंडोरीकडे कामाला निघायचे. दाराला माझे वेढे पडायचे. गाठ बायडाबाईच मारायची, आणि ती मारताना दाराकडे बघायची नाही.

पुढे अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मी दारावर. माझ्यामुळे आत कोणी शिरले नाही, हे खरे आहे. आत राखण्यासारखे काही होते असेही नाही. सायलीचे पहिलीचे पुस्तक मात्र आत असायचे. ते तिने दोन वर्षे अर्धे-अर्धे वाचले आणि दोन्ही वेळा पहिलाच अर्धा भाग.

मग निवृत्ती भाऊसाहेब आले. शेती खात्याचे माणूस, निफाडकडचे, मोटारसायकलवरून येणारे. त्यांनी भाताच्या नव्या लावणीवर सभा घेतली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख घाला, चिखलात गिरिपुष्पाचा पाला तुडवा, मूठभर रोपे खुपसण्याऐवजी दोन-तीनच काड्या लावा, दोर ताणून ओळीत लावा आणि चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध खताची गोळी दाबा. लोकांनी चहा घेतला आणि पद्धत तिथेच ठेवून घरी गेले. बायडाबाईने एकच विचारले, असा भात कुठवर पुरेल? भाऊसाहेब चाचरले. शब्द देता येत नाही, पण होळी तरी दिसावी, असे म्हणाले. बाईला तेवढे पुरले.

त्या आषाढात तिने मला खुंटीवरून उतरवले, तेव्हा पुंजा गोंधळला.

"अगं, मग दार कशानं बांधायचं?"

"बांधायचं नाय," ती म्हणाली.

मित्रांनो, माझा खरा जन्म तो. तिने जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून रोप कुठे खोवायचे त्याच्या खुणा म्हणून माझ्या अंगावर चिंध्या बांधल्या. एक अंतर वीतभराहून जरा मोठे, पुढचे तोकडे, पुन्हा मोठे. मी नटलो.

पण आमच्याकडे लावणी बायकांची. साऱ्या पाड्याच्या बायका आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या, गाणी म्हणत मागे-मागे सरकत रोपे खोवतात. गडी नांगर धरतो, चिखल करतो आणि बांधावर बसतो. आता मला ताणून धरायला दोन टोकांना दोन माणसे हवीत, आणि बायका लावणीत गुंतलेल्या. बायडाबाईने एक टोक स्वतः धरले, दुसरे पुंजाच्या हातात दिले. ओळ झाली की तिने हाक मारायची आणि त्याने मागे सरकायचे. खालच्या खाचराची मालकीण म्हणजे तिची थोरली जाऊ गोजराबाई. ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. दिराला बायकोने दावणीला बांधले, असे ती म्हणाली आणि सगळे खाचर हसले. मग तिने ओळींकडे नजर टाकली.

"बायडे, गल्ल्या कशापायी सोडल्यास? उंदरांची जत्रा भरवायचीय?"

पुंजाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण त्याने टोक सोडले नाही. माणसाची मी किंमत करतो ती अशाच वेळी.

आश्विनात त्या गल्ल्या दिसेनाशा झाल्या. एकेका चुडाला इतके फुटवे आले, की गोजराबाई येता-जाता हळूच मोजून जायची. पण भात निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या ऐन वेळी पाऊस दडला आणि वरच्या खाचरातल्या लोंब्या पोचट राहिल्या. भात पौषापर्यंत पुरला. मग बायडाबाईने माझ्या लाल चिंध्यांसकट मला दाराला गुंडाळले. नटूनथटून दारावर बसायची लाज काय असते, ते मला विचारा.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी खाचरांच्या वरच्या अंगाला तळे खणले. पाऊस दडला तर पाणी भाताला. आणि पाणी आहेच तर त्यात मासे सोडा, असे भाऊसाहेबांचे म्हणणे. कटला आणि रोहूची बोटभर पिल्ले हवा भरलेल्या पिशव्यांतून आली. भाताचा कोंडा माशांना, तळ्याचा गाळ भाताला. बेत नामी होता.

मुसळधार पावसात तळे भरून वाहते, तेव्हा मासे निसटू नयेत म्हणून वाट अडवा, हेही भाऊसाहेबांनी सांगितले होते. पुंजाने अडवली. पण कुठली? आमच्या डोंगरातला प्रत्येक माणूस लहानपणापासून बघतो, की पावसाळ्याच्या तोंडाला मासे पाण्याच्या उलट वर चढतात. चढणीचे मासे धरणे हा आमचा सणच. तेव्हा मासा पळणार तो वर, ही पुंजाची खात्री. त्याने वरून पाणी येते त्या तोंडाला बांबूच्या कामट्यांची अशी घट्ट ताटी बसवली, की भाऊसाहेब असते तर त्यांनीही पाठ थोपटली असती. जादा पाणी वाहून जायचा खालचा सांडवा मात्र सताड उघडा.

पिशवीतून आलेल्या त्या पोरांना आमच्या चालीरीती कोण सांगणार? श्रावणातल्या एका पावसात ती पाण्याबरोबर सांडव्यातून खाली गेली, बायडाबाईच्या खाचरांतून गोजराबाईच्या खाचरात. आणि आमच्याकडे रीत अशी, की ज्याच्या खाचरात मासा येईल तो त्याचा. कोणी भांडत नाही. गोजराबाईने टोपल्या भरल्या. संध्याकाळी माणुसकीने एक वाडगा कालवण घेऊन ती आली.

"घे बायडे. मासं तुझं हायेत, मीठ तेवढं आमचं."

बायडाबाईने कालवण खाल्ले. चवीला चांगले होते, असेही म्हणाली. पण भात संपल्यावरचे महिने माशांच्या भरवशावर काढायचे होते. माघात मी पुन्हा दारावर चढलो आणि तिसरीत गेलेल्या सायलीचे पुस्तक पुन्हा आत राहिले. पोरीने माझी गाठ सोडवायचा प्रयत्न केला. आईने तिचा हात बाजूला केला, पण त्या वेळी बायडाबाईने प्रथमच दाराकडे नीट पाहिले.

पुढच्या पावसाळ्यात तळ्यात नवी पिल्ले सुटली, लावणीतले माझे काम उरकले आणि बायडाबाईने मला लगेच सांडव्यावर नेले. तिथे कामट्यांची ताटी उभी केली आणि ती पाण्याने लवू नये म्हणून मला तिच्या पाठीमागून ताणले. एक टोक ऐनाच्या खोडाला, दुसरे बांधावरच्या खुंटाला. पाणी जाईल, मासा जाणार नाही.

श्रावणात तोच पाऊस आला. भर दुपारी तळे उतू गेले. खाली गोजराबाई टोपली घेऊन उभी, रीतीप्रमाणे. पुंजा छातीभर पाण्यात ताटी रेटून धरत होता. एवढ्यात खुंट उपटला आणि माझे एक टोक मोकळे झाले. बायडाबाईने ते झडप घालून धरले, कमरेला वेढा घेतला आणि पाय रोवले. चिखल पाय रोवू देत नव्हता. ती सांडव्याकडे घसरत होती. मी तुटेन असे मलाही वाटले. पण दारावर कुजण्याऐवजी इथे तुटलो तरी हरकत नाही, असे ठरवून मी एकही धागा सैल सोडला नाही.

गोजराबाईने टोपलीकडे पाहिले, जावेकडे पाहिले, टोपली टाकली आणि धावत येऊन माझे टोक धरले. धरल्या धरल्या व्यवहारही केला.

"वाटा देशील ना गं?"

"मीठ घेऊन ये," बायडाबाई दात आवळून म्हणाली.

पाणी उतरेपर्यंत दोघींनी मला सोडले नाही. मासे तळ्यातच राहिले. आश्विनात पाऊस दडला, तेव्हा त्याच तळ्याच्या पाण्यावर वरच्या खाचरातल्या लोंब्या भरल्या.

दिवाळीनंतर बायडाबाईने कणगीत हात घातला. खांद्यापर्यंत हात बुडला, तरी तळ लागला नाही. आणि पाड्याखाली भोंगा वाजला. मुकादम ओळखीचा माणूस, घरापर्यंत आला आणि हसत म्हणाला, "चला बायडाबाई, आटपा. दार बांधा अन् बसा."

"दार बांधायला दोर नाय माझ्याकडं," ती म्हणाली. "तो कामाला गेलाय."

खरेच होतो. त्या घटकेला मी जाळ्याची वरची कड होऊन तळ्यात होतो. एका टोकाला पुंजा, दुसऱ्याला गोजराबाईचा नवरा, आणि मधे चमचमणारे रोहू. रिकामी जागा घेऊन टेम्पो गेला. सायलीने त्या वर्षी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचले.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. मध्यंतरी शेती खात्याचे पाहुणे आले होते; मला प्रदर्शनात काचेमागे ठेवू म्हणाले. बायडाबाईने मला त्यांच्या देखत ओढून लावणीला नेले.

मित्रांनो, काळजी घ्यायचीच तर अशी घ्या. काम झाल्यावर मला धुवा, सावलीत वाळवा, पिंजलो तिथे गाठ मारा, खुणांच्या चिंध्या बदला. आमच्या पाड्यावर अजूनही काही दारे दिवाळीनंतर बांधली जातात. त्या दारांवर माझे भाऊबंद बसले आहेत. त्यांनाही उतरवा, खुणा बांधा, खाचरात न्या. मला हवे तेवढे ताणा. फक्त दाराला बांधायला येऊ नका. मी गाठ बसू देणार नाही.