मागून येणारा प्राणी

तळ्याच्या काठावर एकूण अकरा डायनासोर होते. सहा लांब मानेचे, तीन शिंगवाले, एक मोठा मांसाहारी आणि एक लहान. पहिले दहा पडद्यावर दिसायचे. अकरावा दिसायचा नाही, कारण तो शिकाऱ्याच्या मागून येतो.

बाबांनी लांब मानेचे सगळे टिपले, शिंगवाले टिपले, मोठ्याच्या कपाळात नेमकी गोळी घातली. मग पडदा लाल झाला आणि शिकारी मेला.

"आता गं! कोनं मारलं?" बाबांनी फोन उलटा करून मागची बाजू पाहिली.

"लहानवाला आला मागून. तुम्ही वळला नाहीत."

"मला काय म्हाईत तो आला ते?"

"आधी आवाज येतो ना, बाबा. फिस्स करतो, मग काटकी मोडते. तेवढ्यात वळायचं."

"काई आवाज-बिवाज नाई आला," बाबा म्हणाले. "तुझा गेम लबाड हाय."

मी सुरतेत, कतारगामला एका लहान कंपनीत काम करते. खालच्या मजल्यावर हिऱ्यांना पैलू पाडतात, वरच्या मजल्यावर आम्ही मोबाइलचे गेम बनवतो. गेम बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले त्याचा उपयोग एवढाच, की डायनासोरांच्या गेमला माझ्याइतक्या चुका कुणी काढल्या नसत्या. ज्या दोन प्राण्यांमध्ये आठ कोटी वर्षांचं अंतर, ते या गेममध्ये एकाच तळ्यावर पाणी पीत होते. मेलेला प्राणी तीन सेकंदांत हवेत विरून जायचा. एकही प्राणी न मारता पुढच्या जंगलात जायची सोय नव्हती. आमचे मालक जिग्नेशभाई यातलं काही बदलणार नव्हते. "मयुरीबेन, पब्लिकला कोटी वर्षांशी काय घेणंदेणं?" असं ते म्हणायचे. त्यांना फक्त एवढं हवं होतं, की जन्मात गेम न खेळलेल्या माणसालाही तो खेळता यावा. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी फोन बाबांच्या हातात दिला होता.

माझे बाबा, गणपत वाघमोडे, मूळचे परतूरचे. एकतीस वर्षं सुरतेत कापडाचे लूम चालवतात. त्यांचे हात स्थिर आहेत आणि नजर तीक्ष्ण. तुटलेला धागा ते चालत्या लूमवर पकडतात, तिथे डायनासोर काय. एक चूक तर त्यांनीच मला दाखवली.

"हे बघ," ते म्हणाले, "ह्याला गोळी लागली, एवढा मोठा बार झाला, आन बाजूचा पानी पितोच हाय. मान बी वर करीना." मग स्वतःच हसले. "हे बी लूमवर कामाला होते का काय?"

मी ती चूक लिहून घेतली. खाली आणखी एक लिहिली: अकराव्या प्राण्याचा आवाज येत नाही.

दुसऱ्या दिवशी जिग्नेशभाईंनी तोच फोन घेतला, आवाज तेवढाच ठेवला आणि माझ्यासमोर खेळायला लागले. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. तळं, लांब मानेचे, शिंगवाले. मग फिस्स. मग काटकी. माझी स्वतःची मान मागे वळली.

"अवाज तो बराबर छे," जिग्नेशभाई म्हणाले. "तारा पप्पाने न संभळायो?"

"पाचदा खेळले, पाचही वेळा ऐकू नाही आला."

"तो पछी प्रॉब्लेम गेमनो नथी."

प्रॉब्लेम गेमचा नाही, हे ते सहज बोलले आणि पुढच्या कामाला लागले. मी त्या आवाजाची फाइल उघडली. तो सगळा आवाज चार हजार हर्ट्झच्या आसपास होता. गोंगाटात काम करणाऱ्या माणसाचा कान आधी तिथेच निकामी होतो, हे मला परीक्षेत आलं होतं. उत्तर बरोबर लिहिल्याचंही आठवतं. पण ते मी ज्या घरात बसून पाठ केलं, त्या घरातल्या माणसाकडे तेव्हा पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा ओट्याकडे पाठ करून जेवत होते. मी मागे उभी राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. काही नाही. "बाबा," असं नेहमीच्या आवाजात म्हटलं. काही नाही. ताट संपवून ते उठले, वळले, मला पाहिलं आणि म्हणाले, "कव्हा आलीस?"

लूमच्या खात्यात कुणी कुणाला हाक मारत नाही. चाळीस लूम एकदम चालू असतात. ओरडून घसा जातो, शब्द पोचत नाही. तिथे खांद्यावर थाप मारतात, समोर येऊन ओठ हलवतात, बोटांनी खुणा करतात. बाबा तीच रीत घरी घेऊन आले होते. आईही त्यांच्याशी बोलायची तेव्हा हातातलं काम टाकून समोर यायची, खांद्याला हात लावायची, मग बोलायची. तो तिचा स्वभाव आहे असं आम्ही समजत होतो.

आता आईचं सांगायला हवं.

गेल्या वर्षी माघात एका दुपारी आई मोरीत कपडे धुवायला बसली होती. दार लावलेलं होतं. बाबा रात्रपाळी करून आले होते, पण झोपले नव्हते; पुढच्या खोलीत, उंबऱ्याजवळ बसून टेबलफॅन दुरुस्त करत होते. आईच्या छातीत कळ आली. शेजारच्या कुसुम काकूंना भिंतीपलीकडून हाक ऐकू आली. "अहो." मग पुन्हा "अहो", आणि पुन्हा. गणपतभाऊ घरात आहेत हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या आल्या नाहीत. बऱ्याच वेळाने कसलीच चाहूल लागेना तेव्हा आल्या. बाबा पंख्याचा स्क्रू आवळत होते.

माझा भाऊ अमोल सुरतेजवळच्या सचिन गावात एका डाइंग मिलमध्ये आहे. दवाखान्यात त्याने बाबांना एकच विचारलं, "कुसुम काकूला भिंतीतून ऐकू गेलं. तुम्ही काय करत होता?"

"तिनं हाक नाई मारली," बाबा म्हणाले.

दहाव्याला त्याने पुन्हा विचारलं. बाबांचं उत्तर बदललं नाही. अमोल म्हणाला, "निदान खोटं तरी बोलू नका," आणि सचिनलाच खोली घेऊन राहिला. कुसुम काकूंनीही बोलणं टाकलं. एक तर त्या खोटं बोलत होत्या, नाहीतर बाबा. आणि चाळीत कुसुम काकूंना कुणी खोटं म्हणत नाही.

बाबांना त्याचं फार वाटत नसावं असं मला वाटायचं. वर्षश्राद्धाच्या दिवशी ते मला म्हणाले होते, "लोकं काय बी म्हनू दे. तिला जाताना तरास झाला नाई, हे मला ठावं हाय. झाला आस्ता तर हाक मारली आस्ती तिनं. मी दहा पावलावर होतो." हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की मीही त्यावर विश्वास ठेवला होता. कुसुम काकूंनी हाक ऐकली आणि आईने हाक मारली नाही, मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटायच्या.

आता माझ्याकडे एक तिसरी गोष्ट होती. ती अमोलला सांगितली, तर बाबा खोटे ठरणार नव्हते. आणि बाबांना सांगितली, तर आई त्यांच्यापासून दहा पावलांवर त्यांना हाका मारत गेली, हे त्यांना कळणार होतं.

मी अमोलला फोन केला.  त्याच्या मागे मिलचा भोंगा ऐकू येत होता.

"गेमवरून सांगते तू?" तो म्हणाला. "यार मयुरी, काहीपण. मशीनवर टेस्ट कर. प्रूफ दे मला."

बाबा कानांच्या तपासणीला लगेच तयार झाले. काचेच्या बंद खोलीत त्यांना बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. बाबांनी बटणावर अंगठा ठेवला आणि गेम खेळताना बसत तसे पुढे झुकून बसले. बाहेरून मला तपासणाऱ्या बाईंचा हात दिसत होता. त्या आवाज वाढवत होत्या, वाढवत होत्या. बाबा अंगठा तसाच धरून, सावधपणे, समोर काचेकडे पाहत होते.

उजवा कान अडुसष्ट, डावा त्र्याहत्तर. म्हणजे तेवढ्या डेसिबलच्या खालचं त्यांना ऐकू येत नव्हतं.

"कानात कापूस घालत नव्हता का, काका?" डॉक्टरांनी समोर वाकून विचारलं.

"कापूस घातल्यावर धागा तुटल्याला कसं कळंल?" बाबा म्हणाले. "लूमचा आवाज बदलतो. कान दिऊन ऐकावं लागतं."

परतताना रिक्षात ते माझ्याकडे तोंड करून, जवळजवळ वळूनच बसले. माझे ओठ दिसावेत म्हणून, हे आता मला कळत होतं.

"घरातलं मला ऐकू येतं का?"

"समोरून बोललं तर येतं."

"आन मोरीतून?"

मी रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"दार लावलेलं असलं तर नाही, बाबा."

उधना दरवाज्याचा पूल येऊन गेला. एक टेम्पो मागून हॉर्न वाजवत अगदी चिकटून निघाला. रिक्षावाल्याने त्याला शिवी घातली. बाबांनी मान हलवली नाही.

"कुसुमबाई खोटं नव्हती बोलत मंग," ते म्हणाले. आणि लिंबायतचं वळण आल्यावर, "किती येळा हाक मारली तिनं?"

"तीनदा."

ते घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. दुसऱ्या दिवशी पाळीला गेले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, "अमोलला बोलाव."

अमोल रविवारी आला. रिपोर्टचा फोटो मी त्याला आधीच पाठवला होता. चपला काढून तो दारातच उभा राहिला. बसावं की नाही हे त्याला ठरवता येईना. मग बाबांसमोर वाकला. बाबांनी पाय मागे घेतले.

"कागदाचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मशीनचं काय, चुकत आसंल. तू मोरीत जा, दार लाव. आन हाक मार मला. आई मारायची तशीच, लई मोठ्यानं नाई."

"बाबा, छोडो ना आता. टेस्ट झाली ना? माझंच चुकलं."

"तुझं चुकलं का नाई, ते मी इचारत नाई." बाबांचा आवाज चढला. "घरातल्या मानसाचा आवाज येगळा आस्तो. त्या हेडफोनात माझ्या वळखीचं कोन होतं? तू हाक मार. मला ऐकू येईल."

अमोलने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही आत्ता समजलं होतं. बाबांना स्वतःची सुटका नको होती. अमोलची हाक ऐकू आली, तर आईने हाक मारलीच नव्हती. मग अमोलने जन्मभर त्यांना खोटं म्हटलं तरी त्यांना ते चालणार होतं.

भिंतीपलीकडे कुसुम काकूंच्या घरातला टीव्ही बंद झाला.

अमोल मोरीत गेला. दार लागलं, कडी पडली. बाबा उंबऱ्याजवळ, रस्त्याकडे तोंड करून बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान किंचित तिरपी. ऑफिसात गेमचे आवाज तपासायला एक अॅप वापरते, ते मी फोनवर उघडलं आणि फोन त्यांच्या कानाशेजारी धरला. खोलीतली शांतता छत्तीस डेसिबल होती.

"बाबा," अमोलने आतून हाक मारली. मला स्वच्छ ऐकू आली. फोनवर एकोणपन्नास आकडा आला.

बाबा रस्त्याकडे पाहत होते. समोरून एक बाई भाजीची गाडी ढकलत गेली.

"बाबा." बावन्न.

त्यांनी तिरपी मान दुसऱ्या बाजूला केली. थोडं थांबले. मग माझ्याकडे वळून, स्वतःला ऐकू यावं एवढ्या मोठ्याने म्हणाले, "सांग त्याला, तयार हाय मी. मार म्हनावं आता."

 मोरीत नळ ठिबकत होता तेवढाच.

तिसरी हाक एकसष्ट डेसिबलची होती, आणि बाबा अजून तिची वाट पाहत होते.