'मोटनाडा'चे चार चौकोन

अगं तू नुसतं ऐक, मधे बोलू नको. आपली रेश्मा खर्ड्याच्या वाचनालयात आहे ना, तिथं मासिकांची नोंद तिच्याकडं. कॉम्प्युटर नाही अजून. प्रत्येक मासिकाचं एक जाड कार्ड, त्यावर वर्षाचे बारा चौकोन. अंक आला की त्या महिन्याच्या चौकोनात तारीख टाकायची, मगच वाचकाच्या हातात द्यायचा. आणि एखाद्या मासिकानं नाव बदललं, की जुन्या कार्डावर लिहायचं 'यापुढे अमुक पाहा', नव्या कार्डावर 'याआधी तमुक पाहा', आणि जुन्याचे उरलेले चौकोन लाल रेघ मारून बंद करून टाकायचे. एकदा रेघ मारली की त्या नावाचं काही आलं तरी घ्यायचं नाही. टपालात परत.

तर गेल्या वर्षी 'मोटनाडा' नावाच्या शेतीच्या मासिकाचे म्हातारे संपादक वारले. पुतण्यानं सप्टेंबरपासून त्याचंच गुळगुळीत कागदावर 'स्मार्ट शिवार' केलं. सगळे खूश, एक गोजरबाई सोडून. तिचा बन्सी वीस वर्षांपूर्वी, चौदाचा असताना, शाळेतून घरी आलाच नव्हता. म्हातारे संपादक दर महिन्याला शेवटच्या पानावर त्याचा फोटो छापायचे, 'हरवला आहे' म्हणून. गोजरबाईला वाचता येत नाही, तरी ती दर महिन्याला यायची, ते पान मांडीवर घेऊन घटकाभर बसायची आणि जायची. पुतण्यानं ते पान ठिबकच्या जाहिरातीला दिलं.

ऑगस्टअखेर रेश्मा जुनं कार्ड बंद करायला लाल पेन घेऊन बसली तेव्हा गोजरबाई समोरच उभी.

"बाय, त्या चार घरांवर रेघ नको मारू," ती म्हणाली. "रिकामी हायेत तर ऱ्हाऊ दे. रिकाम्या घराला कुनी ना कुनी येतं."

रेश्माला भरून आलं. तिनं 'यापुढे पाहा' लिहिलं, 'याआधी पाहा' लिहिलं, रेघ तेवढी मारली नाही. कुणाच्या बापाला कळतंय.

सप्टेंबरात टपाल आलं. वर 'स्मार्ट शिवार', आणि खाली 'मोटनाडा'. तोच खरखरीत कागद, पाकिटावर तोच जांभळा वाकडा शिक्का, अंकाचा नंबर बरोब्बर पुढचा. आतली पानं सगळी कोरी. शेवटच्या पानावर फक्त बन्सी. आणि त्याला मिशा.

रेश्मानं पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, जुनं छपाईचं मशीन आम्ही ऑगस्टातच मोडीत घातलं. तिनं ग्रंथपाल सूर्यभान सरांना सांगितलं, तर सर मान वर न करता म्हणाले, नाव बदलल्यावर थोडे दिवस असा गोंधळ होतोच. गोजरबाई मात्र त्या फोटोवरून बोट फिरवत बसली. तिच्याकडं एवढ्या मोठ्या झालेल्या बन्सीचा फोटो कुठून असणार? चौतीसचा दिसत होता. असायलाच हवा होता तेवढा.

ऑक्टोबरात त्याचे केस पांढरे. गाल बसलेले. पन्नाशीचा सहज.

नोव्हेंबरात तोंडात दात नव्हते गं. डोळ्यांत मोतीबिंदू. रेश्माला वाटलं, हे आता दाखवूच नये. पण चौकोनात तारीख तर तिनंच टाकलेली, आणि गोजरबाई हात पुढं करून उभी. तिनं पान मांडीवर घेतलं आणि चक्क हसली.

"माज्यापरीस म्हातारा दिसाया लागला बघ," ती म्हणाली. "एवढं वय झालं म्हंजी जगला की गं. कुनीतरी भाकरी घातली त्याला."

रेश्मानं मनात हिशोब मांडला होता, महिन्याला वीस-वीस वर्षं. आणि चौकोन एकच उरलेला.

डिसेंबरचं पाकीट सकाळी अकराला आलं. हाताला गार लागत होतं, म्हणाली. ती ते टेबलावर ठेवतेय तोवर पायरीवर गोजरबाईच्या चपला वाजल्या. रेश्मानं कार्ड ओढलं, शेवटच्या चौकोनावर लाल रेघ मारली, पाकिटावर 'परत' लिहिलं आणि ते पोस्टमनच्या पिशवीत कोंबलं. तो अजून सही घ्यायला थांबलेलाच होता.

गोजरबाईनं विचारलं, आला का. रेश्मा म्हणाली, नाही आला, मावशी. यापुढं येणारही नाही.

गोजरबाईनं कार्डावरच्या त्या लाल रेघेवर बोट ठेवलं. मग पदर सारखा करत म्हणाली, "न्हाई आला म्हंजी अजून हाय तो."

आणि गेली. आता दर महिन्याला येते, काही मागत नाही, नुसती बाकावर बसून रेश्माकडं बघते. रेश्माला कळत नाही, आपण त्याला वाचवलं, का आईला शेवटचं तोंडही बघू दिलं नाही. मला तर हे ऐकल्यापासून झोप नाही. तू सांग, तू असतीस तर फोडलं असतंस ते पाकीट?