फोटोतले केस

माझ्या सासऱ्यांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि तिथे गल्ल्याच्या वर त्यांचा तरुणपणचा फोटो टांगलेला आहे. काळा-पांढरा. त्यात त्यांच्या कपाळावर असे काही दाट, काळेभोर केस आहेत की गिऱ्हाईक आधी फोटोकडे बघतं, मग त्याखाली बसलेल्या गुळगुळीत डोक्याकडे बघतं आणि मग उगाचच हातातली फ्रेम पुसायला लागतं. चष्म्याच्या दुकानात आरसे तरी किती! सासरे जिकडे वळतील तिकडे त्यांचं टक्कल त्यांच्या आधी पोचलेलं असतं.

या फोटोने माझा जेवढा छळ केलाय तेवढा खुद्द सासऱ्यांनीही केला नसेल. लग्नानंतर माझे केस मागे सरकायला लागले, तेव्हापासून मी दुकानात पाऊल टाकलं की बोट वर जायचं. "जावईबापू, तुमच्या वयात माझं हे असं होतं." पुढचं वाक्य सासूबाईंसाठी राखून ठेवलेलं असायचं. "हिच्या संसारात गेले सगळे. काळजीने." सासूबाई कोपऱ्यात बसून शब्दकोडं सोडवत असायच्या. एक अक्षर बोलायच्या नाहीत. काय सोशिक बाई आहे, असं मला वाटायचं. माणसं ओळखण्यात मी अगदीच कच्चा.

सासऱ्यांची आणखी एक खोड म्हणजे बूट. चांगल्या जाड टाचांचे, वजनदार. दुकानात तेच, बागेत फिरायला तेच, घरातल्या सपाताही जाड तळाच्या. त्यापायी कंबर धरलेली. रात्री सासूबाईंनी तेल लावून चोळून दिल्याशिवाय झोप लागत नाही, पण बूट सोडा म्हटलं की फुरंगटून बसतात. म्हातारा हौशी आहे, दुसरं काय, असं मी बायकोला म्हणायचो आणि तिच्याकडून बोलणी खायचो.

तर मध्यंतरी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढताना सासरे अगदी समोर उभे राहिले, नवा शर्ट, नवा चष्मा घालून. सासूबाईंनी डोळे मिचकावले, एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हसत सुटल्या. साधंसुधं नाही, पोट धरून. सासऱ्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन करून सांगितलं की आपण डोक्यावर केस लावून घेणार आहोत, गाडी तुम्ही चालवायची.

"या वयात?" सासूबाई म्हणाल्या.

"याच वयात," सासरे म्हणाले.

त्यावर सासूबाईंनी कोड्यांचं पुस्तक आपल्या पिशवीत टाकलं आणि आमच्याबरोबर निघाल्या. दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसल्या. आत सासरे आणि त्यांची पिशवी सांभाळायला मी. ती पिशवी फार जड का, ते मला नंतर कळलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसतमुख. त्यांनी सासऱ्यांच्या मानेच्या वरच्या केसांवरून छोटा कॅमेरा फिरवला आणि समजावून सांगितलं, "काका, इथले केस मुळासकट काढून पुढे लावायचे. नवीन कुठून येणार नाहीत. मागे आहेत तेवढ्यातच भागवायचं." मग जांभळ्या मार्करने कपाळावर एक रेषा काढली. कपाळ बऱ्यापैकी मोठं ठेवून, दोन्ही बाजूंना कोपरे आत घेतलेली. आरसा हातात दिला.

"हे तर म्हाताऱ्याचं कपाळ झालं," सासरे म्हणाले. "जावईबापू, काढा."

मी पिशवीत हात घातला. टॉवेलात गुंडाळलेला तो फोटो निघाला. भिंतीवरून फ्रेमसकट उतरवून आणला होता.

"हे माझं होतं. हे मला परत द्या."

डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला. "काका, ही कड फारच रेखीव आहे हो. खऱ्या केसांची कड जरा विसकटलेली असते. आणि एवढी खाली रेषा आणली तर सगळे केस पुढेच संपतील. पुढे कुंपण आणि मागे मोकळं मैदान."

"कुंपण तर कुंपण."

"मागून कसं दिसेल?"

"मागून मला कोण बघतंय!" सासरे तडकले. मग आवाज खाली आला. "तुम्हाला नाही कळायचं, डॉक्टर. हिने मला या केसांवर पसंत केलं होतं. इतकी वर्षं बिचारीने चालवून घेतलं. डोळे धूसर होते तोवर ठीक होतं. आता स्वच्छ दिसायला लागलं, तर पहिल्यांदा मला बघितलं आणि हसली. एकदा, फक्त एकदा, मला तिला तो माणूस परत दाखवायचाय."

मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ नावं ठेवली आहेत, पण त्या क्षणी मला खरंच त्यांची दया आली. डॉक्टरीणबाईंनी मार्करचं टोपण लावलं आणि मला म्हणाल्या, "काकूंना बोलवा आत."

सासूबाई आल्या. टॉवेलवरचा फोटो पाहून दारातच थबकल्या. "हा भिंतीवरून कधी काढलात?" डॉक्टरीणबाईंनी भांडण काय आहे ते सांगितलं. केसांवर पसंत केल्याचंही सांगून टाकलं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, फोटो उचलला, माझ्या हातात पालथा दिला आणि पुसायचा बोळा मागून घेऊन डॉक्टरांची रेषा साफ पुसली.

"आणा बघू तो पेन."

नवऱ्याची हनुवटी चिमटीत धरून त्यांनी चेहरा दिव्याकडे वळवला. "मान हलवायची नाही." हा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. त्यांनी रेषा ओढलीच नाही. बारीक बारीक फटकारे मारत गेल्या, एकेक केस उगवावा तसे, डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत, कुठेही न अडखळता. डाव्या भुवईवर येताच हात किंचित खाली नेला, एक लहानसा बाक दिला आणि पुढे गेल्या. झाल्यावर पेन टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातला फोटो घेऊन सासऱ्यांच्या कपाळाशेजारी धरला. तीच कड. भुवईवरचा तो बाकसुद्धा तोच.

"काकू! फोटोकडे न बघता?"

"बघायचं काय त्यात. माझ्याच हातचा आहे तो."

सासू-सासऱ्यांची ओळख फोटो स्टुडिओत झाली, तिथे सासूबाई कामाला होत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत बसून काय करायच्या, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की चेहऱ्यावरचे डाग जातात," त्या डॉक्टरीणबाईंना सांगू लागल्या, जणू नवरा तिथे नव्हताच. "आणि पात्याच्या टोकाने हलकेच खरवडलं की छापताना तिथे काळं उमटतं. यांचे केस मी पात्याने उगवलेत."

सासऱ्यांनी फोटोवर बोट टेकलं. "म्हणजे... मला केस नव्हते?"

"होते की. पण असे नव्हते."

"लग्नाच्या फोटोंत आहेत!"

"ते कुठे धुतले? आमच्याच स्टुडिओत ना? हळद उतरायच्या आत बसून सगळा अल्बम दुरुस्त केला मी."

"आणि मग ते संसारात गेले ते..."

"संसारात आलेच कधी होते?" सासूबाई म्हणाल्या. इतकी वर्षं ऐकून घेतलेलं सगळं त्यांनी त्या एका वाक्यात फेडून टाकलं. कोपऱ्यातली नर्स कपाटात काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते.

"पण का?"

आता सासूबाई जराशा लाजल्या. या वयातही लाजतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. "तुम्ही स्थळांना पाठवायला फोटो काढायला आलात. पहिल्या वेळी मालकांनी सांगितलं, पोरगा बरा दिसू दे, म्हणून थोडे केस घातले. मुलीकडचे फोटोवर खूश झाले, प्रत्यक्ष तुम्हाला बघून नाही म्हणाले. तुम्हाला वाटलं फोटो नीट आला नाही, म्हणून तुम्ही परत आलात. दुसऱ्या आणि तिसऱ्याही वेळी मग मी माझ्या मनाने घातले. भरपूर. म्हणजे परत नकार येईल."

"आणि?"

"आणि तुम्ही परत याल."

सासरे बघतच राहिले. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"मला वाटलं, उंची कमी पडली," ते म्हणाले. "तिन्ही ठिकाणी पाय ठेवला आणि त्यांचे चेहरे उतरले. केसांचा विचार मनातही आला नाही, फोटोत तर चांगले दिसत होते. तिसऱ्या नकारानंतर हे बूट घेतले."

सासूबाईंचं हसू ओठांवरच राहिलं. "अहो, म्हणजे हे बूट... ते तेव्हापासून? मला वाटलं तुमची हौस आहे."

"हौस! कंबर गेली माझी."

"आणि ती कंबर रोज रात्री कोण चोळतंय?" त्या म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचे डोळे भरून आले होते. स्वतःच्या तळहातांकडे त्यांनी पाहिलं. एका पोरकटपणाची शिक्षा नवरा-बायको इतकी वर्षं वाटून भोगत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. मला हसावं की रडावं ते कळेना.

"मग परवा हसलीस का?" सासऱ्यांनी विचारलं.

"नव्या चष्म्याच्या दांडीला दुकानातली चिठ्ठी लोंबत होती तुमच्या! कानातल्या डुलासारखी. स्वतः चष्मेवाले आणि..." त्यांना पुन्हा हसू फुटलं आणि या वेळी सासऱ्यांनाही.

मग सासरे खुर्चीत नीट बसले, हनुवटी वर केली. "पूस हे. खरे होते तसे काढ."

बोळा फिरला. या वेळीही सासूबाईंनी कशाकडे पाहिलं नाही. कपाळ मोठं, दोन्ही कोपरे खोल, डावा उजव्यापेक्षा जरा जास्तच, मध्ये एक विरळ टोक. डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या. "ही होईल. केसही पुरतील."

सासऱ्यांनी आरसा धरला. "एवढेच होते?"

"एवढेच."

"आणि तुला हा चालला?"

"फोटोतला मीच बनवला होता. त्याच्याशी कशाला लग्न करू?"

त्याच रेषेवर केस लावले गेले. दिवसभर चाललं ते. सासरे पडल्या पडल्या नर्सला सगळी गोष्ट सांगत होते आणि प्रत्येक वेळी नकारांची संख्या वाढत होती. निघताना नर्सने बजावलं की काही दिवस खाली वाकायचं नाही. म्हणजे बुटांच्या नाड्या बांधणं आलंच नाही. तिने दवाखान्यातल्या सपाट रबरी चपला पुढे केल्या. सासऱ्यांनी त्या घातल्या, दोन पावलं टाकून पाहिली आणि म्हणाले, "असू दे. याच बऱ्या आहेत." बूट अर्थातच माझ्याकडे आले.

घरी जिना चढताना दोघं पुढे होते. सासूबाईंनी त्यांचा दंड धरला होता.

"टाचा नाहीत आता," सासरे म्हणाले. "कंबर दुखायची थांबेल बहुतेक. उद्यापासून तुझी सुटका."

"काही नको सुटका," सासूबाई म्हणाल्या. "हाताला सवय झालीय. थोडी दुखू द्या."

मी त्यांच्या मागून, एका हातात तो फोटो आणि दुसऱ्या हातात बुटांची जोडी घेऊन चढत होतो. बूट खरंच फार जड होते.