अकरावा नमुना

"अकरा नंबर काढ," प्रेमराज सर म्हणाले आणि सारिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जळगावच्या या प्रयोगशाळेत तिनं एका रेणूमागे चार वर्षं घासली होती. काही जंतू एक एन्झाइम बनवतात आणि अडकित्त्यानं सुपारी फोडावी तसं ते अँटिबायोटिक फोडून टाकतं. सारिकाचा रेणू त्या अडकित्त्याच्या तोंडात खड्यासारखा रुतायचा. मग औषध शाबूत राहायचं आणि जंतू मरायचे. रुग्णांच्या जखमांतून आणलेल्या अकरा नमुन्यांपैकी दहांत मेले. अकराव्याचं एन्झाइमच निराळ्या घडणीचं निघालं, त्यात खडा बसेचना.

"एकासाठी पेपर नासवायचा? दहापैकी दहा लिही. डिग्री तुझीच अडकलीय." सर शेंगदाण्यातला खवट दाणा वेचायला सांगावं इतक्या सहज बोलले.

एक म्हणे! तो एक धुळ्याच्या वॉर्डात पडून होता. नमुना भिकुबाईच्या पायाचा होता. ती सारिकाची फुई, वडिलांची सख्खी बहीण. शिंदखेड्याला कापूस वेचताना काटा लागला, साखरेच्या दुखण्यानं जखम चिघळली. गावातल्या डॉक्टरनं तीन महिने दर खेपेला नवी गोळी दिली, तीही दोन-दोन दिवसांची, आणि जंतूंना चांगली तालीम दिली. आता पाय कापावा लागेल, नाहीतर जीव जाईल, असं सर्जन आठवडाभर सांगत होते. फुई ऐकत नव्हती. भाची औषध करतेय ना, मग थांबू. ते दवाखान्यात पोचायला दहा वर्षं लागतील, हे सारिकानं तिला चारदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तेवढ्यात फुईचाच फोन आला. रोज याच वेळी यायचा. सारिकानं स्पीकर लावला आणि फोन सरांपुढे आदळला.

"तिलाच विचारा सर, अकरा नंबर काढू का."

"बेटी, तुनी दवाईनं काय व्हयनं?"

सर घसा खाकरून गोड हसले. "नमस्कार अक्का. मी सारिकाचा सर. औषध सगळ्यांवर लागू पडलं बरं का. काळजी नको."

"मंग मना पाय राही," फुई म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता की सारिकाला सरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिनं फोन ओढून घेतला.

"फुई, सर खोटं बोली ऱ्हायनात. दहाजणस्ना जंतू मरनात. तुना नही मरनात."

सर टेबलावरचे कागद उगाच सारखे करू लागले.

"मंग पाय कापाले हो सांगू का?"

"सांग, फुई. आजच सांग."

फोन ठेवून तिनं तक्ता पुढे ओढला. अकराव्या ओळीत 'परिणाम नाही' असं लिहिलं आणि कागद सरांपुढे सहीला सरकवला.