राजाभाऊंचं हक्कसोडपत्र

१९८६ साली रत्नागिरीत स्त्रियांच्या हक्कांवर बोलायचं म्हटलं, की राजाभाऊ वकिलांनाच बोलावणं जाई. वारसा कायद्यावरची त्यांची पुस्तिका कॉलेजात मुली घेऊन वाचत. लिहिली होती त्यांची ज्युनिअर सुमेधा हिने. मुखपृष्ठावरचा फोटो मात्र राजाभाऊंचा स्वतःचा होता.

त्या जानेवारीत त्यांनी गुहागरहून धाकट्या बहिणीला, हेमाला, बोलावून घेतलं. आई आधीच गेली होती, आता वडीलही वारले होते. मिरजोळ्याची त्यांची हापूसची बाग राजाभाऊंना एकट्याच्या नावावर करून घ्यायची होती. हेमाने हक्कसोडपत्रावर सही केली की झालं. नोंदणी सोमवारी होती. रविवारी राजाभाऊंचं व्याख्यान होतं. खुर्च्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून त्यांनी हेमालाही पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

भाऊ गोड बोलून बहिणींच्या सह्या कशा घेतात, ते राजाभाऊंनी तासभर सांगितलं. दोघीतिघींनी डोळे पुसले. हेमाने जाताना दाराशी बसलेल्या सुमेधाकडून पुस्तिका घेतली आणि सकाळी चहाआधीच वाचून काढली.

निबंधकाच्या कचेरीत कारकुनाने कागद पुढे सरकवला. हेमाने पेन उचललं नाही. बापाने स्वतः घेतलेल्या जमिनीत मुलीचा मुलाइतकाच वाटा असतो, हे खरं का, एवढंच तिने भावाला विचारलं.

राजाभाऊंनी कारकुनाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगं, ते लोकांसाठी लिहिलंय."

"मग मला लोकांतलीच समज, दादा."

ती उठली ती थेट सुमेधाकडे गेली. सुमेधाला नवल वाटलं नाही; हक्कसोडपत्राचा मसुदाही तिनेच केला होता, आणि तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं. आठवडाभरात तिने राजाभाऊंचं काम सोडलं. वाटपाची नोटीस गेली ती तिच्या सहीने. वकिलांच्या खोलीत हसणं सुरू झालं, तेव्हा राजाभाऊंनी तारीख पडायच्या आत तडजोड केली. निम्मी बाग हेमाला मिळाली. मे महिन्यात तिने स्वतः उभं राहून आंबा उतरवून घेतला.

दिवाळीनंतर पुण्यात मानवी हक्कांवर परिषद झाली. कोकणातल्या एका बहिणीने आपला हिस्सा कसा मिळवला, ते राजाभाऊंनी तिथे रंगवून सांगितलं. टाळ्या थांबल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, की तो भाऊ कसा होता.

"सुशिक्षित होता," राजाभाऊ म्हणाले. "म्हणून तर ऐकलं त्याने."