दिव्यावर घेतलेली चाचणी

फिटरकाकांना दोन महिन्यांनी कुणीतरी कामाला बोलावलं होतं. बायको गेल्यापासून घरात बोलायचा तो टीव्हीच. त्यामुळे ओतकामाच्या कारखान्यातल्या भट्टीवालीने "या" म्हटल्यावर ते तासभर आधीच हजर झाले.

भट्टीभोवती गार पाणी फिरतं. ते कमी झालं की घंटा वाजायला हवी. त्यासाठी पाण्याच्या नळीला बाहेरून रीड स्विच बसवायचा होता.

"या स्विचच्या काचेच्या कुपीत दोन बारीक पट्ट्या असतात," काका हौसेने सांगू लागले. "पाण्याच्या जोराने पाण्याच्या नळीतला चुंबक वर उचलला गेला की त्या चिकटतात. पाणी घटलं, चुंबक खाली बसला, की सुटतात आणि घंटा वाजते."

"काका, शाळा सुटली की स्विच लावा!" भट्टीवालीने चिडवलं.

त्यांनी हसत वायरी जोडल्या. मीटरचे आकडे हल्ली पुसट दिसत, म्हणून जुन्या सवयीने पाणी सोडून स्विचला साधा मोठा दिवा जोडून पाहिला. लख्ख लागला.

"झाली रोषणाई! पेटवू भट्टी?" तिने काम झाल्याच्या कागदावर सहीसुद्धा ठोकली.

काकांनी पाणी बंद केलं. दिवा तसाच जळत राहिला.

त्यांना चूक कळली. दिवा पेटताना क्षणभर भलताच करंट ओढतो. नाजूक पट्ट्या कायमच्या चिकटल्या होत्या. आता पाणी आटलं तरी घंटा गप्पच बसली असती. हे सांगितलं, तर इथूनही बोलावणं बंद होणार.

"ताई, थांबा," ते म्हणाले. "माझ्या हातून स्विच जळला."

तिने कपाटातून दुसरा स्विच आणून हातात ठेवला. एकच उरला होता.

या वेळी काकांनी मीटर डोळ्यांजवळ धरला. पाणी हळूहळू मिनिटाला वीस लिटरवर, म्हणजे घंटा वाजायच्या मर्यादेवर आणलं. स्विच केसभर वर, पुन्हा केसभर खाली. पट्ट्या नेमक्या तिथेच सुटल्या, तसा स्क्रू आवळला. मग घंटा जोडून तीनदा पाणी घटवलं. तिन्ही वेळा खणखणीत वाजली.

"आता दर महिन्याला बघायला यावं लागेल का?" तिने विचारलं.

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही. वर्षभर चिंता नको. आणि घंटा तपासायची तर पाणी तुम्हीच घटवून बघा, पाहिलंत ना आत्ता."

तिने भट्टी पेटवली. काकांनी पिशवी आवरली आणि "येतो" म्हणाले. भट्टीच्या घरघरीत तिला ते ऐकू गेलं नाही.